रिमोट चावी बिघडली? नवी घेण्याआधी एवढे पाहा

गाडीच्या चावीचे बटण दाबले आणि दार उघडले नाही, की घरात जितकी माणसे तितकी मते पडतात. अम्मी म्हणतात, सेल संपला असेल. मोठा मुलगा म्हणतो, गाडीची बॅटरी उतरली. धाकटा तीच चावी हातावर आपटून पाहतो. शेवटी अब्बा सुट्टीच्या दिवशी चावी घेऊन शोरूमला जातात आणि तिथे बहुधा एकच उत्तर मिळते, ‘नवी चावी टाकावी लागेल.’ नव्या रिमोट चावीचा खर्च काही हजारांपासून सुरू होतो. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांच्या चावीचा आकडा तर त्याहून बराच वर जातो. महिन्याचा किराणा किंवा मुलांची शाळेची फी जेवढ्यात भागते, तेवढी रक्कम अंगठ्याएवढ्या वस्तूवर जाते.

ज्या घरांची रोजीच गाडीवर आहे, टुरिस्ट टॅक्सी, स्कूल व्हॅन किंवा भाड्याची कार चालवणारी घरे, त्यांच्यासाठी हा प्रश्न आणखी कडक आहे. चावी बंद म्हणजे त्या दिवसाची फेरी बंद.

मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू दुरुस्त करणाऱ्यांच्या टेबलाजवळ बसून आम्ही अशा चाव्या उघडताना पाहिल्या. चावी बिघडण्याची नेहमीची कारणे मोजकीच असतात: संपलेला सेल, काळी पडलेली पत्ती, झिजलेला स्विच, सुटलेला डाग, फाटलेले रबर. यांतील पहिली दोन घरी निस्तरता येतात आणि उरलेली गल्लीतल्या कारागिराकडे. नवी चावी खरोखर लागते, पण दरवेळी नाही. कोणत्या वेळी लागते आणि कोणत्या वेळी नाही, हे ओळखता यावे म्हणून हा लेख. त्यातच एक धोका असा आहे की तो पैशांपेक्षा मोठा आहे. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे आणि घरात लहान मूल असेल तर तो भाग नक्की वाचावा.

एका चावीत दोन कामे

सर्वांत आधी एक गोष्ट समजून घेऊ. रिमोट चावीच्या आत दोन वेगवेगळी यंत्रे असतात आणि त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो.

पहिले यंत्र म्हणजे रिमोट. आपण बटण दाबले की ते रेडिओलहरींतून गाडीला संदेश पाठवते आणि दारे उघडतात किंवा बंद होतात. भारतातील बहुतेक गाड्यांत हे काम ४३३.९२ मेगाहर्ट्झवर चालते. या यंत्राला सेल लागतो.

दुसरे यंत्र म्हणजे इमोबिलायझरची चिप. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी काचेची नळी किंवा काळा चौकोनी तुकडा, एवढाच तिचा आकार. चावी कुलपात घालून फिरवली की कुलपाभोवतीची तार या चिपला वीज पुरवते आणि चिप आपली ओळख गाडीला सांगते. ओळख पटली तरच इंजिन सुरू होते. या चिपला सेल लागत नाही. गाड्यांची चोरी रोखण्यासाठी ही सोय आली. जर्मनीने १९९८ पासून नव्या गाड्यांना ती सक्तीची केली आणि पुढे ती जगभर पसरली.

याचा अर्थ असा, की रिमोटचे बटण चालत नसले तरी चावी कुलपात फिरवून गाडी सुरू होऊ शकते. तसे होत असेल तर चिप ठीक आहे आणि बिघाड फक्त रिमोटच्या भागात आहे. हा बिघाड बहुधा स्वस्तात सुटतो. उलट दारे बटणाने उघडतात, पण गाडी सुरू होत नाही आणि डॅशबोर्डवर चावीचे किंवा कुलपाचे चिन्ह लुकलुकते, तर संशय चिपवर घ्यावा. इतके एक निरीक्षण केले तरी दुकानात आपल्याशी कोणी काहीही बोलले तरी आपण गोंधळत नाही.

बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांची रीत थोडी निराळी आहे. तिथे चावी खिशातच राहते. गाडी एक हलका संकेत पाठवून चावीला जागे करते आणि चावी उत्तर देते. या उत्तरासाठी सेल लागतो. पण सेल पूर्ण संपला तरी वाट बंद होत नाही. चावीच्या पोटात एक साधी धातूची किल्ली लपवलेली असते, तिने दार उघडते. मग चावी स्टार्टच्या बटणाला टेकवून, किंवा काही गाड्यांत ठरवून दिलेल्या खाचेत ठेवून, बटण दाबले की गाडी सुरू होते. आपल्या गाडीत ही जागा कोणती, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. ते पान आजच काढून घरातल्या गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला दाखवून ठेवावे. रात्री आडवाटेला पुस्तिका शोधण्याची वेळ येऊ नये.

आधी निदान, मग खर्च

डॉक्टर नाडी पाहिल्याशिवाय औषध लिहीत नाही. चावीचेही तसेच. पुढचे प्रश्न क्रमाने विचारावेत.

एक, दुसरी चावी चालते का? गाडीसोबत दोन चाव्या मिळतात आणि दुसरी बहुधा कपाटात पडलेली असते. ती आणून पाहा. दुसरी चालत असेल तर गाडी ठीक आहे, दोष पहिल्या चावीत आहे. दोन्ही चालत नसतील तर चावीला हात लावू नका. गाडीची बॅटरी, फ्यूज किंवा आतला रिसीव्हर पाहावा लागेल. मात्र कपाटातल्या चावीचा सेलही वर्षानुवर्षे पडून संपलेला असू शकतो, एवढे ध्यानात ठेवावे.

दोन, एकच दार उघडत नाही का? बाकीची दारे उघडतात आणि एकच अडते, तर चावी निर्दोष आहे. त्या दारातील मोटर किंवा वायर पाहावी लागेल.

तीन, एकाच जागी अडचण येते का? मोठ्या ट्रान्समीटरजवळ किंवा एखाद्या विशिष्ट पार्किंगमध्ये चावी चालत नाही आणि रस्त्यावर आल्यावर चालते, तर तिथल्या दुसऱ्या लहरींचा अडथळा आहे. चावी ठीक आहे.

चार, गाडीच्या अगदी जवळ गेल्यावर चालते का? लांबून चालत नाही, जवळून चालते, हे सेल थकल्याचे ठळक लक्षण आहे.

पाच, एक बटण चालते आणि दुसरे नाही का? मग सेल चांगला आहे. त्या एका बटणाखालचा स्विच गेला आहे.

सहा, बटण जोरात दाबल्यावर किंवा चावी थोडी पिळल्यावर चालते का? तर आतला एखादा डाग सुटला आहे किंवा सेलची पत्ती सैल झाली आहे.

इथे एका गैरसमजाविषयी सांगायला हवे. टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबले की त्यातला दिवा चमकताना दिसतो, म्हणून बरेच जण गाडीची चावीही तशीच तपासतात आणि दिवा दिसला नाही की चावी मेली असे ठरवतात. टीव्हीचा रिमोट न दिसणाऱ्या प्रकाशावर चालतो. आजकालच्या गाड्यांची चावी रेडिओलहरींवर चालते. त्या कॅमेऱ्यात दिसणार नाहीत. ही परीक्षा इथे लागू नाही.

आणखी एक. मूल चावीशी खेळत गाडीपासून दूर असताना खूप वेळा बटण दाबते आणि नंतर चावी चालेनाशी होते, असेही कधी कधी होते. चावी दरवेळी नवा संकेत पाठवते, म्हणजे कोणी एक संकेत चोरून पकडला तरी तो पुन्हा उपयोगी पडत नाही. यातील कीलॉक ही प्रसिद्ध पद्धत १९८०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत तयार झाली. गाडी पुढच्या ठराविक संकेतांपर्यंतच चावीला ओळखते. चावी त्यापलीकडे गेली की दोघांची सांगड तुटते. अशा वेळी गाडीजवळ उभे राहून बटण दोन-तीनदा दाबल्यावर, किंवा चावी कुलपात घालून इग्निशन चालू केल्यावर बऱ्याच गाड्यांत ती पुन्हा जुळते. पैसे देण्याआधी हेही करून पाहावे.

सेल बदलताना

बहुतेक चाव्यांत तीन व्होल्टचा चपटा नाणेसेल असतो. त्यावर ‘सीआर २०३२’, ‘सीआर २०२५’, ‘सीआर १६२०’ असे काही लिहिलेले असते. हे आकडे म्हणजे सेलचे माप आहे. पहिले दोन आकडे व्यास सांगतात, म्हणजे २० मिलिमीटर. शेवटचे दोन जाडी सांगतात, म्हणजे ३.२ मिलिमीटर. म्हणून २०३२च्या जागी २०२५ बसल्यासारखा वाटतो, पण तो पातळ असल्याने पत्तीला नीट टेकत नाही. मग चावी कधी चालते, कधी नाही. जो आकडा जुन्या सेलवर आहे तोच घ्यावा. चांगल्या कंपनीचा, बंद पाकिटातला आणि मुदत लिहिलेला सेल शंभर रुपयांच्या आत मिळतो. सुटा, पाकिटाविना मिळणारा सेल स्वस्त पडतो, पण तो किती दिवस दुकानात पडून होता ते कळत नाही.

चावी उघडण्याआधी तिच्या कडेची खाच शोधावी. काही चाव्यांना छोटा स्क्रू असतो, काहींना आतली धातूची किल्ली काढल्यावर खाच दिसते. धारदार पेचकस घुसवू नका, आतली प्लेट खरवडली जाते. जुने प्लास्टिकचे कार्ड किंवा फडक्यात गुंडाळलेले नाणे पुरते. उघडल्याबरोबर मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. सेलची अधिकची बाजू वर होती की खाली, हे नंतर आठवत नाही.

नवा सेल कडेने धरून बसवावा. धातूच्या चिमट्याने दोन्ही बाजू एकदम धरल्या तर सेल शॉर्ट होतो. बहुतेक चाव्यांत सेल काढल्याने गाडीची ओळख पुसली जात नाही, त्यामुळे घाबरू नये. काही जुन्या गाड्यांत पुन्हा ओळख करून द्यावी लागते, ती रीत पुस्तिकेत असते. काही महागड्या गाड्यांच्या चावीत मात्र पुन्हा चार्ज होणारा सेल प्लेटवर डागून बसवलेला असतो. तसा दिसला तर घरी काही करू नका. आणि साधा नाणेसेल कधीही चार्ज करायला लावू नका.

सेल तपासायचा असेल तर मीटर लावून पाहता येतो. नवा सेल तीन व्होल्ट किंवा थोडे वर दाखवतो. पण नुसत्या मीटरवर भरवसा ठेवू नये. थकलेला सेलही मोकळा असताना बरे व्होल्ट दाखवतो आणि बटण दाबल्यावर बसतो. शंका असेल तर नवा सेल घालून पाहणे हीच सोपी परीक्षा.

पत्ती, स्विच आणि डाग

नवा सेल घालूनही चावी चालली नाही, तर सेलला टेकणाऱ्या पत्त्या पाहाव्यात. रत्नागिरी, रायगड, मुंबई या किनारपट्टीवरच्या दमट, खारट हवेत धातू लवकर काळा पडतो. पत्तीवर हिरवट किंवा पांढरी पूड दिसली तर मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन पुसावे आणि पूर्ण वाळू द्यावे. वास घेऊ नये, जवळ आग नसावी. सुगंधी सॅनिटायझर वापरू नका, त्यातला चिकटा प्लेटवर राहतो. पत्ती चपटी झाली असेल तर ती अगदी हलक्या हाताने किंचित वर करावी.

याच्या पुढचे काम कारागिराचे. बटणाच्या रबराखाली प्लेटवर एक लहानसा स्विच असतो. दाबला की ‘टक’ असा आवाज येतो. आवाज मेला असेल, दाबल्यावर पिचकल्यासारखे लागत असेल, तर स्विच झिजला आहे. हा स्विच सुट्टा मिळतो आणि किमतीला अगदी किरकोळ असतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानांत तो मिळतो. मात्र जुन्या स्विचची लांबी, रुंदी आणि उंची जुळली पाहिजे. उंच स्विच लावला तर कव्हर बसल्यावर बटण सतत दाबलेले राहते आणि नवा सेल दोन दिवसांत संपतो.

एका टॅक्सीवाल्या भाईंची चावी आमच्यासमोर उघडली गेली. त्यांना आधी नव्या चावीचा खर्च सांगितला होता. लॉकचे बटण चालत होते, अनलॉकचे नाही. कारागिराने लिंबाच्या बीएवढा स्विच काढला, नवा डागला, बटण दाबून पाहिले आणि चावी परत दिली. एवढाच वेळ लागला, जेवढा चहा संपायला लागतो. त्यांनी काही हजारांऐवजी मजुरी धरूनही किरकोळ रक्कम दिली.

डाग देण्याचे काम ज्याचा हात बसलेला आहे त्यानेच करावे. प्लेटवरच्या रेषा केसाएवढ्या असतात, लोखंड जास्त वेळ टेकले तर त्या उचकटतात. यूट्यूब पाहून घरच्या जाड सोल्डरिंग मशीनने प्रयोग करणे म्हणजे दहा रुपयांच्या स्विचसाठी अख्खी चावी घालवणे.

कव्हर बदलताना चिप राहू देऊ नका

रबर फाटले, कव्हर तडकले, की बाजारात हुबेहूब दिसणारे रिकामे कव्हर मिळते. आतली प्लेट त्यात बसवली की चावी नवी दिसते. पण यात एक नेहमीची चूक होते. बऱ्याच चाव्यांत इमोबिलायझरची चिप प्लेटवर नसते, ती कव्हरच्या वेगळ्या कोपऱ्यात खोचलेली असते. प्लेट नव्या कव्हरमध्ये जाते, जुने कव्हर कचऱ्यात जाते आणि चिपही त्याबरोबर जाते. दारे बटणाने उघडतात, पण गाडी सुरू होत नाही. म्हणून कव्हर बदलल्यावर गाडी एकदा सुरू करून पाहिल्याशिवाय जुने कव्हर टाकू नये. चिप फार नाजूक असते, खाली पडली तर काच तडकते.

ऑनलाइन मिळणारी पूर्ण रिमोट चावी घेताना तर आणखी सावध राहावे. जपान, अमेरिकेसारख्या देशांत बऱ्याच चाव्या ३१५ मेगाहर्ट्झवर चालतात. दिसायला अगदी सारखी असूनही ती आपल्या गाडीशी बोलणार नाही. शिवाय नवी चावी गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदवावी लागते, नुसती विकत घेऊन चालत नाही.

पाण्यात पडली तर

वॉशिंग मशीनमध्ये गेली, वुजू करताना हौदात पडली, पावसात भिजली. अशा वेळी पहिले काम म्हणजे बटण दाबून पाहण्याचा मोह टाळणे. आतल्या पाण्यासह वीज वाहिली की प्लेट जळते. ताबडतोब उघडून सेल काढावा. समुद्राचे पाणी असेल तर प्लेट स्वच्छ पिण्याच्या पाण्याने हलकी धुवावी, नाही तर मीठ आत राहून धातू खाते. मग अल्कोहोलने पुसून सावलीत, हवेशीर जागी एक-दोन दिवस वाळवावी. तांदळात ठेवण्याची रीत फारशी उपयोगाची नाही, तांदळाची धूळ मात्र आत जाते. तवा, ओव्हन किंवा गरम हेअर ड्रायर वापरू नये. पूर्ण वाळल्यावर नवा सेल घालून पाहावे.

नवी चावी कधी घ्यावी, आणि अमानतीचा प्रश्न

चावी हरवली असेल, चिप फुटली असेल किंवा प्लेट जळाली असेल, तर नवी चावी घ्यावीच लागते. त्या वेळी दोन गोष्टी कराव्यात. हरवलेली चावी गाडीच्या नोंदीतून काढून टाकायला सांगावे, म्हणजे ती कोणाच्या हाती लागली तरी इंजिन सुरू होणार नाही. आणि एकच चावी उरली असताना दुसरी करून घ्यायला उशीर लावू नये. एक चावी हातात असताना दुसरी करणे सोपे असते. दोन्ही हरवल्या की खर्च आणि त्रास कितीतरी वाढतो.

जुनी गाडी विकत घेताना दोन्ही चाव्या मागून घ्याव्यात. ‘एक हरवली’ असे उत्तर आले तर ती नोंदीतून काढून घ्यावी. चोरीचा विमा मागताना कंपन्या सहसा दोन्ही चाव्या मागतात, तेव्हा एकच चावी असलेल्या माणसाची पंचाईत होते. चावी हरवल्यास पोलिसांकडे नोंद करून तिची प्रत ठेवावी. काही विमा पॉलिसींत चावी बदलण्याचा खर्च जादा हप्ता भरून घेता येतो, आपल्या पॉलिसीत तो आहे का, हे एकदा पाहावे.

चावी दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे गाडीच नव्हे, घराची सुरक्षाही देणे आहे. म्हणून ओळखीच्या, कायमस्वरूपी दुकान असलेल्या कारागिराकडे जावे आणि काम शक्यतो आपल्यासमोर करून घ्यावे.

आपल्या वस्त्यांतून मोबाइल दुरुस्ती, ऑटो इलेक्ट्रिक आणि चावीचे काम करणारे तरुण बरेच आहेत. त्यांच्याशीही दोन शब्द बोलायचे आहेत. गिऱ्हाईकाला आतले काही कळत नाही, त्याच्याकडे तुमच्या शब्दाशिवाय दुसरा पुरावा नसतो. स्विच बदलून भागत असताना ‘नवी लागेल’ म्हणणे, किंवा नुसता सेल घालून प्लेट बदलल्याचे पैसे घेणे, हे मापात कमी देण्यासारखेच आहे. मापात कमी देणाऱ्यांना कुरआनने किती कठोर इशारा दिला आहे, हे सूरह मुतफ्फिफीन वाचणाऱ्याला माहीत आहे. काढलेला जुना भाग गिऱ्हाईकाच्या हातावर ठेवा, हमी किती दिवसांची ते सांगा. नवी चावी करायला आलेल्या माणसाची ओळख आणि गाडीचे आरसी पुस्तक पाहिल्याशिवाय काम हाती घेऊ नका. चोराला केलेली चावी ही चोरीत केलेली मदतच आहे. हलाल रोजीत बरकत असते, आणि खरे बोलणाऱ्या कारागिराच्या दुकानावर गर्दीही टिकते.

सर्वांत मोठा धोका: घरातले लहान मूल

आता त्या गोष्टीकडे येऊ, जिच्यासाठी हा लेख प्रत्येक घरात वाचला जावा असे आम्हाला वाटते.

चावीतला नाणेसेल चकचकीत आणि गोल असतो. लहान मुलाला तो गोळीसारखा किंवा नाण्यासारखा वाटतो. २० मिलिमीटरचा सेल मुलाच्या अन्ननलिकेत बरोबर अडकतो. नाणे अडकले तर ते निदान जाळत नाही. सेल जाळतो. ओल्या त्वचेला टेकताच त्याच्या विजेने तिथे तीव्र अल्कली तयार होते आणि अवघ्या दोन तासांत अन्ननलिकेला खोल भाजते. संपलेला, चावी चालवू न शकणारा सेलही एवढे करण्यास पुरेसा असतो. म्हणून ‘जुना सेल आहे, खेळू दे’ असे कधीही म्हणू नये.

अमेरिकेत रीस नावाच्या दीड वर्षाच्या मुलीचा २०२० मध्ये रिमोटमधला असा सेल गिळल्याने मृत्यू झाला. त्यानंतर तिच्याच नावाने २०२२ मध्ये तिथे कायदा झाला, आणि अशा वस्तूंचे सेलचे झाकण मुलाला सहज उघडता येणार नाही असे करणे बंधनकारक झाले. आपल्या घरातल्या जुन्या, झाकण सैल झालेल्या चावीची जबाबदारी मात्र आपल्यावरच आहे.

मूल अचानक लाळ गाळू लागले, खायला नकार देऊ लागले, खोकू लागले, उलटी करू लागले, छातीत दुखते म्हणाले आणि घरातला सेल सापडत नसेल, तर वाट पाहू नका. कधी कधी सुरुवातीला काहीच लक्षण दिसत नाही. नुसता संशय असला तरी लगेच मोठ्या, एक्स-रे आणि दुर्बिणीची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे आणि ‘सेल गिळला असावा’ हे शब्द पहिल्याच वाक्यात सांगावेत. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. उलटी काढायचा प्रयत्न करू नका. खाऊ-पिऊ घालू नका. याला एकच अपवाद आहे. मूल एक वर्षाहून मोठे असेल, गिळता येत असेल आणि सेल गिळून बारा तास झाले नसतील, तर रुग्णालयात जाता जाता दर दहा मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. मध सेलभोवती थर धरतो आणि भाजणे थोडे मंदावते. मधात शिफा आहे हे आपण जाणतोच, पण इथे तो उपचार नाही. सेल काढणे हाच उपचार आहे. मध शोधण्यासाठी पाच मिनिटेही वाया घालवू नयेत. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच देऊ नये.

घरी पाळायचे नियम साधे आहेत. सेल बदलताना मुले खोलीत नसावीत. काढलेल्या जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावावी आणि तो लगेच उंच जागी, बंद डबीत ठेवावा. नवे सेल पाकिटातच असावेत. मूल रडते म्हणून चावी खेळायला देण्याची सवय आजच सोडावी. कव्हरचा स्क्रू हरवला असेल, झाकण सैल असेल, तर ती चावी चालत असली तरी बिघडलेलीच समजावी आणि कव्हर बदलावे. जमलेले जुने सेल कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यावेत. वापरलेल्या बॅटऱ्यांच्या विल्हेवाटीसाठी भारतात २०२२ पासून वेगळे नियम आहेत.

सांधण्याची सुन्नत

हजरत आयशा (रजि.) यांच्या निवेदनातून आपल्याला समजते, की प्रेषित मुहम्मद (स.) आपली चप्पल स्वतः सांधत आणि कपड्याला स्वतः ठिगळ लावत. ज्यांच्या एका शब्दावर सहाबी जीव ओवाळून टाकायला तयार होते, त्यांना हे काम कमीपणाचे वाटले नाही. कुरआनने उधळपट्टी करणाऱ्यांविषयी सूरह बनी इस्राईलमध्ये जे म्हटले आहे, तेही आपण जाणतो. उधळपट्टी म्हटले की आपल्याला लग्नाचे मंडप आणि ताटात उरलेली बिर्याणी आठवते. पण दुरुस्त होणारी वस्तू न पाहता फेकून नवी आणणे, हाही इसराफच आहे. त्यात पैसा जातो, वस्तू जाते आणि गल्लीतल्या एका कारागिराची मजुरीही जाते.

त्याच वेळी काटकसर म्हणजे कंजुषी नव्हे. सैल झाकणाची चावी दोऱ्याने बांधून चालवणे, दुसरी चावी करण्याचे टाळत राहणे, शंभर रुपये वाचवण्यासाठी नकली सेल घालणे, यात बचत नाही. जिथे पन्नास रुपयांनी भागते तिथे पाच हजार घालवू नयेत, आणि जिथे मुलाच्या जिवाचा प्रश्न आहे तिथे पन्नास रुपये वाचवू नयेत.

येत्या जुम्म्याला नमाजनंतर थोडा वेळ काढून घरातल्या दोन्ही चाव्या हाती घ्या. दोन्ही गाडीवर चालवून पाहा, झाकण घट्ट आहे का ते पाहा, सेलवरचा आकडा लिहून ठेवा, आतली धातूची किल्ली कशी निघते ते अम्मींना आणि मुलांना दाखवा. दहा मिनिटांचे काम आहे. अल्लाह आपल्या रोजीत बरकत देवो आणि आपल्या मुलांना आपल्या हिफाजतीत ठेवो. आमीन.